कुत्र्याच्या केसांची माशी

शेजारच्या म्हाताऱ्याच्या शेवटच्या पाच माशा मी झाडावर घालवल्या. पुढचा सगळा घोळ त्यातून झाला, म्हणून कबुली आधीच देऊन टाकतो.

माशा खऱ्या नव्हेत. बारीक गळावर दोरा, केस आणि कोंबड्याच्या मानेचं पीस गुंडाळून केलेल्या. त्या पाण्यावर अलगद टाकायच्या, म्हणजे ट्राउट माशाला वाटतं की वरून खराखुरा किडा पडलाय, आणि तो तोंड उघडतो. निदान तसं सांगतात. तीन उन्हाळे मी छातीपर्यंत रबरी विजार चढवून ब्लॅकवॉटर नदीत उभा राहिलो आणि एकाही माशानं माझ्यासाठी तोंड उघडलं नाही. गाई मात्र काठावर येऊन रांगेनं बघत राहायच्या. आयर्लंडच्या मीथ परगण्यात त्यांना दुसरी करमणूक नाही.

मी नावनला राहतो आणि ड्रोहेड्याच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. म्हणजे रोज सकाळी लोकांना विचारायचं, शेवटचं कधी खाल्लंत, आणि कुणी चहाबरोबर एक बिस्किट खाल्ल्याचं कबूल केलं की चेहरा कठोर करायचा. माझं निम्मं काम लोकांना उपाशी ठेवण्याचं आहे आणि निम्मं झोपवण्याचं. जागंही मीच करतो, पण जागा झालेला माणूस आभार सर्जनचे मानतो. अशा माणसाला एखादा छंद लागतो.

छंद लावला शेजाऱ्यानं. ऐंशीला टेकलेला, आयुष्यभर बस चालवलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आम्ही राहायला आलो त्या पहिल्या रविवारी मी लॉनवर यंत्र फिरवत होतो. त्यानं कुंपणावरून मान काढली, दोन मिनिटं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “हे गवत उद्याही असेल. नदीवर येतोस का?” गेलो. त्या दिवसापासून माझं लॉन गल्लीत सगळ्यात वाईट आहे.

त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाला एक छोटा शिकंजा कायमचा बसवलेला होता. त्यात गळ अडकवून तो माशा बांधायचा. दुकानातली माशी त्याला चालायची नाही. त्याची स्वतःची एक जात होती, कुठल्या पुस्तकात नसलेली, आणि तिचं गुपित एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होतं. त्या डब्यात त्याच्या मेलेल्या कुत्र्याचे केस होते. कुत्रा जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याच्या कानामागचे केस करडे-पिवळे होते, आणि ते थुंकीनं दोऱ्यावर वळून गळावर गुंडाळले की सप्टेंबरात संध्याकाळी पाण्यावर उतरणाऱ्या हिरवट किड्याचा हुबेहूब रंग येतो, असं त्याचं म्हणणं होतं. “जिवंत होता तेव्हा कामाचा नव्हता,” म्हातारा म्हणायचा. “मेल्यावर घर चालवतोय.”

मार्चमध्ये त्याला अर्धांगाचा सौम्य झटका आला. सौम्य हा आमचा शब्द. ज्याला येतो त्याला तो तसा वाटत नाही. खांदा, कोपर शाबूत राहिलं, रॉड फिरवता येत होता, उजवा पाय थोडा ओढायचा. पण उजव्या हाताची चिमूट गेली. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना भेटेनात. माशी बांधणं हा सगळा चिमटीचा खेळ आहे. त्याच्या डबीत पाच माशा उरल्या होत्या.

जुलैमधल्या एका संध्याकाळी ती डबी त्यानं मला दिली. स्वतः घडीच्या खुर्चीवर काठावर बसला. मी पहिली माशी फेकली ती आल्डरच्या झाडात गेली. दुसरी तिच्या शेजारी. तिसऱ्या वेळी मी जागा बदलली, झाडानं बदलली नाही. एका तासात, एकाच झाडात, पाच. प्रत्येक वेळी तो पुढची माशी माझ्या हातावर ठेवत होता. शेवटी म्हणाला, “ग्रँड.”

इकडे घर जळालं तरी ग्रँड आणि लॉटरी लागली तरी ग्रँड. त्यातलं कोणतं होतं ते मला आठवड्यानं कळलं.

त्याची मुलगी कॉर्कहून आली आणि ठरवून गेली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती त्याला आपल्याकडे नेणार, घर विकायला काढणार. तिचं चुकत होतं असं नाही. जिन्यावरून पडल्यावर धावायला शेजारी भूलतज्ज्ञ आहे, ही काही कायमची सोय नव्हे. म्हातारा वाद न घालता कबूल झाला. दुसऱ्या दिवशी कुंपणाशी मला म्हणाला, “युअर मॅन अजून पुलाखाली आहे.”

इकडे कुणाही तिऱ्हाइताला युअर मॅन म्हणतात. हा युअर मॅन म्हणजे दगडी पुलाच्या दुसऱ्या कमानीखाली राहणारा एक जाडजूड ट्राउट. दुकानातल्या सगळ्या माशा त्याच्या नाकावरून गेल्या होत्या आणि त्यानं ढुंकून पाहिलं नव्हतं.

“मला तो एकच पाहिजे,” म्हातारा म्हणाला. “माझ्या माशीवर, माझ्या तव्यात, माझ्या टेबलावर. मग खुशाल मला कॉर्कला न्या नाहीतर पुरा.”

मासेमारीचा मोसम सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी संपतो. त्याच्याकडे माशी नव्हती, आणि का नव्हती ते आल्डरला आणि मला ठाऊक होतं. मी त्याच्या टेबलाचा शिकंजा सोडवला, कुत्र्याच्या केसांसकट घरी घेऊन आलो आणि म्हटलं, मी बांधतो. मी रोज बायकांच्या पाठीच्या कण्यात, त्या कळा देत असताना, केसाएवढी नळी सरकवतो. गळावर केस गुंडाळणं म्हणजे काय मोठं?

पंधरा दिवसांत मी जे बांधलं ते बघून म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि छातीशी धरली.

याच सुमारास आई आमच्याकडे होती. यवतमाळजवळच्या गावाहून जुलैत आली होती, तीन महिन्यांसाठी, सामानात दोन किलो देवकापूस घेऊन. तिनं लाख वातींचा नवस बोलला होता. त्यामागची हकीकत अशी. दोन वर्षांपूर्वी बाबा नागपूरला आयसीयूत होते, मी इकडे तिकिटाच्या मागे, आणि आई देवाला म्हणाली, पोरगा वेळेत पोचू दे, लाख वाती करीन. मी पोचलो. दोन दिवस बाबांच्या उशाशी बसलो, तिथल्या डॉक्टरांना नको तितकं शहाणपण शिकवलं, आणि मग बाबा गेले. देवानं आपला भाग पुरा केला होता, त्यामुळे आईला आपला करणं भाग होतं. देवानं थोडं आणखी काही करायला हरकत नव्हती असं माझं मत आहे, पण ते मी तिला सांगितलेलं नाही.

तर आमच्या डायनिंग टेबलाच्या एका टोकाला आई फुलवाती वळायची. कापूस पिंजायचा, चिमूटभर घ्यायचा, बोटाला दुधाचा थेंब लावायचा, टोक वळायचं, झाली. शंभर झाल्या की फ्रिजवरच्या कॅलेंडरावर त्या तारखेच्या चौकोनात एक रेघ. आकडा ऐंशी हजारांच्या पुढे गेला होता. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मी, शिकंजात गळ, तोंडात शिव्या.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी तिला ते बघवेना.

“हे काय करून रायला तू?” तिनं विचारलं. आईची वऱ्हाडी साठ वर्षांत हलली नाही, आयर्लंड तिचं काय बिघडवणार.

मी सांगितलं. म्हातारा, हात, माशी, सगळं. पाच माशा कुठे गेल्या तेही.

तिनं कोंबड्याच्या मानेची कातडी उचलून पिसं निरखली. “हा कोंबडा कशानं मेला?”

“म्हातारपणानं.”

तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग कुत्र्याचे केस बोटांत घेतले, बोटाला दूध लावलं, दोऱ्यावर ठेवून एकदाच वळले. मला पंधरा दिवस न जमलेलं ते तिला जमलं. लांब, सारखं, निमुळतं. तिचं तिलाच आवडलं असावं, कारण दुसऱ्यांदा तिनं ते अधिकच बारीक वळलं.

“तुह्या बोटात जीवच नाही,” ती म्हणाली. “दे, मी करतो. पन आधीच सांगून ठेवतो, या हातानं देवाच्या वाती करून रायली मी. मासा मरनार असन तर माहा हात लागनार नाही. सोडून देत असन तो बुढा, तर करतो. इचार त्याले.”

इथे मला खरं बोलता आलं असतं. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. मी कॉलेजात खायला लागलो ते आईला माहीत आहे आणि तिनं त्याबद्दल एकदाही न बोलून मला पुरेशी शिक्षा केली आहे. म्हाताऱ्याला जाऊन सांगायचं की मासा मिळेल, पण खायचा नाही, हे त्याला तवा दाखवून हिसकावून घेण्यासारखं होतं. आणि आईला खरं सांगितलं तर माशीच नाही.

मी शेजारी गेलो, चहा प्यायलो, परत आलो आणि म्हणालो, “सोडतो म्हणाला. इकडे सगळे सोडतातच. पकडायचा, फोटो काढायचा, माफी मागायची आणि पाण्यात ठेवायचा.”

हे बाकी खरं आहे. नदीवरचे तरुण तेच करतात. मला तो प्रकार कधी कळला नाही. आपल्याला कुणी जेवायला बोलावून, ओठात आकडा अडकवून, फोटो काढून घरी पाठवलं तर आपण काय म्हणू? पण त्या दिवशी तो रिवाज माझ्या कामी आला, आणि मी त्याला मनातून नमस्कार केला.

म्हाताऱ्याला मी काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हणालो की माझी आई बांधेल.

त्यापुढचे तीन आठवडे आई शिकंजा पिशवीत घालून रोज दुपारी शेजारी जायला लागली. मी हॉस्पिटलातून येईपर्यंत दोघं टेबलाशी बसलेली असायची. तिला इंग्रजी येत नाही, त्याला मराठी येत नाही, आणि दोघांनाही त्याची काही पडली नव्हती. तो डाव्या हातानं दाखवायचा, ती उजव्या हातानं करायची. पीस किती वेढे, शेपटीला किती तंतू, दोरा कुठे थांबवायचा. चुकलं की तो टेबलावर दोन टिचक्या मारायचा. त्याचं चुकतंय असं तिला वाटलं तर तीही मारायची. एकदा मी दारातून ऐकलं, तो तिला संपूर्ण इंग्रजीत १४ नंबरच्या गळाबद्दल सांगत होता आणि ती त्याला संपूर्ण वऱ्हाडीत आमच्या धाकट्या मावशीच्या सासूबद्दल सांगत होती. एकमेकांचं ऐकून दोघं योग्य त्या जागी मान हलवत होती.

“शी'ज सम वुमन,” तो मला म्हणाला. तिनं विचारलं, काय म्हणे? मी सांगितलं, बाई कामसू आहे म्हणतो. “मंग काय,” ती म्हणाली.

दुभाषी म्हणून माझी नेमणूक कुणी केली नव्हती, पण काही विचारायचं झालं तर ते माझ्यातूनच जायचं, आणि मी प्रत्येक वाक्याची झडती घेऊनच ते पलीकडे सोडायचो. तो मासा, तवा, लोणी असं काही बोलला की मी आईला सांगायचो, हवामानाबद्दल बोलतोय. आयर्लंडमध्ये हे खपून जातं. मी स्वतःवर खूश होतो. दोन म्हाताऱ्या माणसांना मी किती बेमालूम सांभाळतोय, असं मला वाटत होतं. पण रात्री दात घासताना माझ्या मनात यायचं की मासा लागला तर काय, आणि मग असंही यायचं की लागणारच नाही. माझा अनुभव तसा होता.

सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी सकाळी अकरा वाजता बायकोचा डब्लिनकडच्या तिच्या सँट्रीच्या ऑफिसातून फोन आला. ती घरून निघताना तिनं दुधासाठी फ्रिज उघडला होता आणि तेव्हापासून तिच्या डोळ्यांसमोरून ते जाईना.

“फ्रिजमध्ये स्टीलच्या डब्यात तुपात किडे आहेत,” ती म्हणाली. “बारा. मी मोजले. मला फक्त एवढं सांग की ते खायचे नाहीत.”

झालं होतं असं. कोरडी माशी पाण्यावर तरंगावी म्हणून तिला मेणासारखं एक वंगण चोळतात. म्हाताऱ्याची वंगणाची डबी संपली होती. त्यानं आईला रिकामी डबी दाखवली, बोटं एकमेकांवर चोळून दाखवली, माशीकडे बोट केलं. आईला ते लगेच उमगलं. फुलवाती करून झाल्या की पातळ केलेल्या तुपात बुडवून, डब्यात नीट मांडून फ्रिजमध्ये ठेवतात, म्हणजे रोज एक उचलून निरांजनात लावता येते. तिनं घरी कढवलेल्या आयरिश लोण्याच्या तुपात बाराच्या बारा माशा बुडवल्या आणि थिजवून ठेवल्या. सगळ्या बुडवल्या, एकही राखली नाही. जगात हा प्रकार दुसऱ्या कुणाकडून झाला असेल असं मला वाटत नाही.

मी दुपारी सुटून घरी आलो. एक माशी भांड्याच्या साबणानं धुतली. तिचं पीस गळून सिंकमध्ये गेलं. आई मागे उभी राहून म्हणाली, “कायले धुतं? चांगलं साजूक हाय.”

डबा घेऊन मी शेजारी गेलो. म्हाताऱ्यानं झाकण काढलं, थिजलेल्या तुपातून वर आलेली उरलेली अकरा शेपटं बघितली, नाक जवळ नेऊन वास घेतला. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं झटका आला. तो हसत होता. हसून डोळे पुसल्यावर म्हणाला की त्याचा बाप हंसाची चरबी लावायचा आणि ती याच्यापेक्षा घाण वासाची होती. त्यानं एक माशी कागदी रुमालात दाबून तूप टिपलं, तोंडाची वाफ दिली, फुंकर मारली. पीस हळूहळू उभं राहिलं.

“चला,” तो म्हणाला. “पाऊस नाही, वारा नाही. एवढं चांगलं हवामान फुकट घालवलं तर आजारी पडू.”

नदीवर आम्ही तिघं गेलो. आई येणारच होती. आपल्या हातचं काम कसं चालतंय ते बघायला. नऊवारीवर माझं जाड जॅकेट, डोक्यावर लोकरीची टोपी, पायात स्पोर्ट्स शूज, अशी ती घडीच्या खुर्चीवर बसली. गाई आल्या आणि आज त्यांना काहीतरी नवीन मिळालं.

पुलाखालच्या उथळ पाण्यात म्हातारा उभा राहिला आणि मी मागून त्याचा कमरेचा पट्टा धरून. सात वाजत आले होते. पाण्यावर हिरवट किडे उतरायला लागले आणि दुसऱ्या कमानीच्या सावलीत एक वर्तुळ उमटलं, मग थोड्या वेळानं तिथेच दुसरं. युअर मॅन जेवायला बसला होता.

पहिली फेक आखूड पडली. दुसरी भिंतीला लागली. तिसऱ्या वेळी त्यानं श्वास सोडला, दोरी मागे गेली, पुढे आली, आणि माशी कमानीच्या तोंडाशी पडली. द्रोणातल्या दिव्यासारखी ती तरंगत खाली आली. मी आयुष्यात इतकी तरंगणारी माशी बघितली नाही. एक नाक वर आलं, अगदी सावकाश, आणि माशी नाहीशी झाली.

मग जे काही झालं त्यात माझा वाटा पट्टा न सोडण्याचा. मासा कमानीत शिरला, बाहेर आला, आमच्या पायांतून गेला. म्हातारा मोठमोठ्यानं कुत्र्याचं नाव घेऊन ओरडत होता. शेवटी मी जाळं खाली घातलं आणि त्यात तो आला, सोनेरी पोट, अंगावर लाल ठिपके, हातभर नाही, पण त्याला थोडाच कमी. नदीवरच्या मासेमारी क्लबच्या मापात सहज बसणारा. आम्ही काठावर आलो आणि मी इतका आनंदात होतो की आईला काय सांगितलंय ते पार विसरलो होतो.

म्हाताऱ्यानं खिशातून पितळी टोपीचं वीतभर दांडकं काढलं. माशाच्या डोक्यात घालायचं ते. इकडे त्याला प्रीस्ट म्हणतात, म्हणजे पाद्री, कारण शेवटचे संस्कार तो करतो. त्याच्या बोटांतून ते घसरलं. त्यानं पुन्हा धरून बघितलं, पुन्हा घसरलं. मग त्यानं ते माझ्यापुढे केलं.

“तू कर,” तो म्हणाला. “रोज झोपवतोस ना.”

मी दांडकं हातात घेतलं आणि आईकडे बघितलं. सहा हातांवर ती बसली होती. जाळ्यात मासा होता, माझ्या हातात दांडकं, आणि तीन आठवड्यांचं सगळं खोटं त्या दोघांच्या मध्ये. हवामानाबद्दल बोलतोय, असं आता म्हणता येणार नव्हतं.

आई खुर्चीवरून उठली. तिनं खुर्ची उचलली, वळवली, नदीकडे पाठ करून ठेवली आणि गाईंकडे तोंड करून बसली.

“लवकर कर,” ती म्हणाली. “तडफडू देऊ नको त्याले.”

मी केलं. दोन घाव.

त्यानंतर म्हाताऱ्यानं त्याच्या स्वयंपाकघरात काळा तवा चढवला. मासा मीच साफ केला, लोणी त्यानं घातलं. आई घरी गेली आणि भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी घेऊन परत आली. ज्या टेबलावर मासा आहे त्या टेबलाशी ती आयुष्यात कधी बसली नव्हती. ती त्याच्या समोर बसली. त्यानं मासा खाल्ला, तिनं भाकरी. तो डाव्या हातानं काटा काढत सावकाश खात होता, आणि संपल्यावर त्यानं पावानं ताटलीतलं लोणीही पुसून घेतलं. ग्रँड म्हणायचं तो विसरला. मग तिनं त्याच्या ताटलीत थोडी वांग्याची भाजी वाढली. तिखटानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ती सगळी खाल्ली.

घरी आल्यावर मी कबूल केलं. सगळं, कोंबड्यापासून. आई भांडी विसळत होती.

“मले मालूम होतं,” ती म्हणाली. “पयल्याच दिवशी त्यानं तवा काढून दाखवला मले. असा मासा, असं लोनी, असं खानार म्हने. हातानं सांगे. तू आला अन् म्हने हवामान.”

“मग तू का बांधल्यास?”

तिनं नळ बंद केला. “तुह्या बाबानं शेवटी काय मागितलं होतं, आठवते तुले?”

आठवत होतं. घासभर भाकरी आणि वांग्याची भाजी. दोन दिवस तेच मागत होते. मी म्हणालो होतो, नाही, श्वासनलिकेत जाईल, तोंडानं काहीच द्यायचं नाही. तिथल्या डॉक्टरांना बजावलं, नर्सला बजावलं, आईला बजावलं. तिच्या पिशवीत डबा होता. तिनं तो उघडला नाही. माझं बरोबर होतं, आजही कुठल्याही परीक्षेत मी तेच उत्तर लिहीन. आणि बाबा उपाशी गेले.

“तू डॉक्टर, तुहंच ऐकलं मी,” आई म्हणाली. “तवा ऐकलं. आता या बुढ्याले मी काऊन नाही म्हनू?”

मी भूलतज्ज्ञ आहे, घरी रडण्याची मला सवय नाही. सिंकपाशी उभा राहून रडलो. तिनं मला रडू दिलं आणि ताटं पुसत राहिली.

मग माझी नजर फ्रिजवरच्या कॅलेंडरावर गेली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रेघाच रेघा होत्या. ज्या दिवशी ती पहिल्यांदा शेजारी गेली, तिथून पुढचे सगळे चौकोन कोरे होते. वाती ती रोज वळत होती, मी बघत होतो. फक्त मोजत नव्हती.

“म्हणजे ऐंशी हजार?”

“गेले. या हातानं गळ बांधला ना जानूनबुजून. देव काय आंधळा हाय?” ती म्हणाली. “पुन्हा एकपासून.”

चार दिवसांनी म्हातारा कॉर्कला गेला. जाताना शिकंजा आणि बिस्किटाचा डबा त्यानं आईला दिला, मला नाही. मला दांडकं दिलं. फोनवर तो अजूनही आधी तिचीच चौकशी करतो.

मासा खाल्ला त्या रात्रीनंतरच्या सकाळी मी सुट्टी घेतली होती. आई टेबलाशी बसली, कापूस पिंजला, बोटाला दूध लावलं, पहिली वात वळून समोर ठेवली आणि मोठ्यानं म्हणाली, “एक.” मी शेजारी बसलो आणि दुसरी मी वळली. तिनं ती उचलून बघितली, उलगडली, परत वळली, आणि मग म्हणाली, “दोन.”